छोटा खंड्या आणि पांढऱ्या गळ्याचा खंड्या : काठ एक, शिकारी दोन

पाणकाठ (धागाकर्ता)

पक्ष्यांच्या धाग्यांवर निळा पक्षी आणि लांब चोच दिसली की खाली लगेच "खंड्या!" असा प्रतिसाद येतो आणि विषय तिथेच संपतो. उत्तर चुकीचे नसते. पण कोणता खंड्या, हे विचारले की गोष्ट खरी रंगते. आपल्याला सगळ्यांत जास्त वेळा दिसणाऱ्या दोन जाती म्हणजे छोटा खंड्या आणि पांढऱ्या गळ्याचा खंड्या. दोघांत फरक फक्त आकाराचा आणि रंगाचा आहे असे धरून चालतात. माझे म्हणणे असे की रंगाचा फरक सर्वांत वरवरचा आहे. एक पाण्यात शिरून पोट भरणारा पक्षी आहे आणि दुसरा मुळात जमिनीवरचा शिकारी आहे. एवढे लक्षात घेतले की चोच, आवाज, बसायची जागा, सगळ्याचा उलगडा होत जातो.

आधी ओळख करून देतो, म्हणजे पुढे गोंधळ नको.

छोटा खंड्या (अल्सेडो ॲथिस) चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत जेमतेम १६-१७ सेंमी. त्यातही चोचीचाच वाटा मोठा, त्यामुळे अंगाने तो चिमणीएवढाच. पाठीवरून शेपटीपर्यंत झळझळीत निळा पट्टा, पंख हिरवट निळे, पोट नारिंगी. कानावर नारिंगी पट्टा आणि त्याच्या मागे मानेवर पांढरा ठिपका. शेपूट इतकी आखूड की बसलेला असताना ती आहे की नाही असे वाटते.

पांढऱ्या गळ्याचा खंड्या (हॅल्सिऑन स्मिर्नेन्सिस) २७-२८ सेंमी, अंगापिंडाने चांगला भरलेला. डोके आणि पोट गडद तपकिरी, गळ्यापासून छातीपर्यंत पांढरेशुभ्र, पाठ-पंख-शेपूट निळे आणि चोच जाडजूड, लालभडक. उडाला की पंखांत मोठे पांढरे डाग दिसतात. लांबून ओळखायला तेवढे पुरे.

दोघांचेही शास्त्रीय वर्णन लिनीयसने १७५८ साली केले. मोठ्याच्या नावातले 'स्मिर्ना' म्हणजे तुर्कस्तानातले आजचे इझमिर. तिथपासून पूर्वेला आग्नेय आशियापर्यंत हा पक्षी आहे. छोट्याचा पसारा त्याहून मोठा : युरोप, उत्तर आफ्रिकेचा काही भाग, आणि आशियात पार जपान ते न्यू गिनीच्या बाजूची बेटे.

आता मुख्य मुद्दा. खंड्या कुळाच्या तीन शाखा मानतात. छोटा खंड्या त्यातल्या एका शाखेत, पांढऱ्या गळ्याचा दुसऱ्या शाखेत आणि काळा-पांढरा कवड्या खंड्या तिसऱ्या शाखेत. पांढऱ्या गळ्याचा ज्या शाखेत आहे, त्याच शाखेत ऑस्ट्रेलियातला खदाखदा हसणारा कुकाबुराही आहे. म्हणजे आपल्या ओढ्यावर दोन हातांवर बसलेल्या छोट्या खंड्यापेक्षा पांढऱ्या गळ्याच्या खंड्याचे जवळचे नाते ऑस्ट्रेलियातल्या कुकाबुराशी आहे!

तुमची निरीक्षणे लिहा. वाद घातला तरी चालेल.

---

रानवाट

छान धागा, पण "जमिनीवरचा शिकारी" हे जरा जास्त होतेय. पांढऱ्या गळ्याच्या खंड्याला मासे पकडताना मी कितीदा तरी पाहिले आहे. तळ्याकाठच्या वाळक्या फांदीवरून थेट पाण्यात उडी मारतो आणि मासा घेऊन वर येतो. मग तो पाण्यातला शिकारी नाही कसा?

---

पाणकाठ

रानवाट, तुम्ही पाहिले ते अगदी खरे आहे. मासे तो खातोच. पण त्याच्या ताटात आणखी काय काय असते ते बघा : नाकतोडे, भुंगे, खेकडे, गांडुळे, बेडूक, सरडे, पाली, छोटे साप, उंदराची पिल्ले, आणि संधी मिळाली तर लहान पक्षीसुद्धा. मासा हा त्याच्या यादीतला एक पदार्थ. छोट्या खंड्याची यादी मात्र माशापासून सुरू होते आणि जवळजवळ तिथेच संपते. पाण्यातले किडे, झिंगे, बेडकाची पिल्ले थोडीफार, पण तीही पाण्यातलीच.

शिवाय शिकारीची रीत बघा. मोठा बराच वेळ पाण्याकडे पाठ करून बसतो. तार, कुंपणाचा खांब, झाडाची बाहेर आलेली फांदी असे काहीही त्याला चालते आणि नजर खाली गवतावर असते. खाली काही हलले की तिरका झेपावतो, जमिनीवरूनच भक्ष्य उचलतो आणि परत त्याच जागी. पाण्यातली उडीही बहुधा उथळ, वरवरची. पाण्यापासून पुष्कळ लांब, कोरड्या माळावर किंवा विरळ जंगलात तो सुखाने राहतो. छोटा खंड्या पाणी सोडून राहिलेला मला तरी माहीत नाही.

खेकडा पकडल्यावर काय करतो ते कधी निवांत बघा. आधी नांगीच्या बाजूने धरलेला खेकडा चोचीतच सरकवून घेतो. मग मान झटकून फांदीवर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे आपटतो. एकेक पाय गळून खाली पडतो. नांग्या सुटल्या की उरलेला गोळा आख्खा गिळतो. त्या जाड चोचीचा उपयोग तेव्हा कळतो. छोट्याच्या बारीक चोचीला हे काम झेपणारे नाही.

---

दुर्बीण

चोचीचा विषय निघालाच आहे तर थोडी भर घालतो. छोट्या खंड्याची चोच लांब, निमुळती, सुरीसारखी. पाण्यात शिरताना पाणी बाजूला सारत जाते, उसळी कमी, धक्का कमी. वेगवेगळ्या जातींच्या चोचींचे त्रिमितीय नमुने तयार करून ते पाण्यात सोडून पाहण्याचे प्रयोग झाले आहेत. सूर मारणाऱ्या जातींच्या चोचींना जमिनीवर शिकार करणाऱ्यांच्या चोचींपेक्षा पाण्याचा अडथळा कमी होतो, हे त्यात स्पष्ट दिसले. जपानमधल्या ५०० मालिकेच्या बुलेट ट्रेनचे नाक अभियंता एजी नाकात्सू यांनी खंड्याच्या चोचीवरून बेतले, ती गोष्टही सूर मारणाऱ्या खंड्याचीच आहे. ती गाडी १९९७ पासून धावू लागली.

माझ्या मते चोचीपेक्षाही डोळ्याचे कौतुक जास्त आहे. पाण्यातला मासा बाहेरून बघताना असतो त्यापेक्षा वर दिसतो, हे आपण शाळेत शिकलो. छोट्या खंड्याला हे गणित दर सुरावेळी सोडवावे लागते. खंड्यांच्या डोळ्यांत तीक्ष्ण नजरेच्या जागा दोन असतात. हवेत असताना एका जागेने नेम धरला जातो आणि पाण्यात शिरल्यावर दुसऱ्या जागेचा वापर सुरू होतो, तिथे दोन्ही डोळे एकत्र समोर बघतात. पाण्यात शिरताना पारदर्शक तिसरी पापणी डोळ्यावर ओढली जाते. सूर मारण्याआधी तो फांदीवर बसल्या बसल्या मान वर-खाली करतो ना, ते अंतराचा अंदाज घेणे असते. मान हलवायची थांबली की कॅमेरा तयार ठेवा.

---

पाणकाठ

दुर्बीण, फार छान माहिती. त्यात एक जोडतो. जनुकीय अभ्यासांचा कल असा आहे की या कुळाचे पूर्वज बहुधा झाडांत राहून जमिनीवर शिकार करणारे होते. पाण्यात सूर मारणे नंतर आले, तेही एकदाच नाही. वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे. आपण खंड्या म्हटले की मासे धरतो, पण कुळाचा जुना धंदा पांढऱ्या गळ्याचा खंड्या अजून चालवतो आहे.

---

सुगरण_नव्हे

मग पाणकाठदादा, तुमच्या शाखांच्या मुद्द्यात एक गोची आहे. तिबोटी खंड्या छोट्याच्याच शाखेतला. पण तो राहतो दाट जंगलात, सावलीतल्या ओहोळांजवळ, आणि खातो कोळी, किडे, पाली, छोटे बेडूक. पाण्यात सूर मारून मासे पकडण्यावर त्याचे पोट नाही. म्हणजे शाखा सांगितली की राहणी कळली, असे होत नाही.

---

पाणकाठ

मान्य. शाखेवरून राहणी ठरवता येत नाही, आणि तिबोटी त्याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. म्हणूनच मला पक्ष्याचे कूळ-शाखा पाठ करण्यापेक्षा तो फांदीवर बसून कुठे बघतोय हे बघणे जास्त महत्त्वाचे वाटते. नाते पुस्तकातून कळते, धंदा मात्र काठावर बसूनच कळतो.

---

ओंजळ

नवीनच पक्षी बघायला लागले आहे. छोट्या खंड्यात नर-मादी ओळखता येतात का? मला तर सगळे सारखेच दिसतात.

---

दुर्बीण

येतात, ओंजळताई. चोच बघा. नराची चोच पूर्ण काळी. मादीची वरची चोच काळी आणि खालची तांबूस-नारिंगी. पांढऱ्या गळ्याच्या खंड्यात मात्र दोघेही सारखेच दिसतात, तिथे बाहेरून बघून सांगता येत नाही.

---

निळाई

मी फोटोच्या बाजूने लिहिते. या दोघांचा निळा रंग कॅमेऱ्यात पकडणे हे मोठे अवघड काम आहे, कारण तो रंग पिसात नाहीच! म्हणजे निळे रंगद्रव्य त्यात नसते. पिसाच्या तंतूंमध्ये आत स्पंजासारखी अतिसूक्ष्म पोकळ रचना असते आणि तिच्यावर प्रकाश विखुरला की आपल्याला निळे दिसते. त्यामुळे सावलीत बसलेला छोटा खंड्या मंद हिरवट दिसतो आणि तोच उन्हात वळला की पाठीवरचा पट्टा पेटल्यासारखा होतो. पोटाचा नारिंगी मात्र खराखुरा रंगद्रव्याचा, तो सावलीत आणि उन्हात फारसा बदलत नाही. पांढऱ्या गळ्याच्या पाठीवरचा निळाही तसाच रचनेचा आणि डोक्याचा तपकिरी रंगद्रव्याचा.

असा निळा विटत नाही. चीनमध्ये शतकानुशतके दागिन्यांत आणि शिरोभूषणांत खंड्याची पिसे चिकटवत असत. संग्रहालयांतले जुने दागिने आजही तितकेच निळे आहेत. ही टिकाऊ निळाईच पक्ष्याच्या जिवावर उठली. पुढे पाश्चात्त्य बायकांच्या टोप्यांवर पिसे लावायची टूम निघाली तेव्हाही पांढऱ्या गळ्याचे खंड्या मोठ्या संख्येने मारले गेले. आज हे वाचताना पोटात कालवते.

फोटो काढणाऱ्यांसाठी एकच : छोट्या खंड्यासाठी सूर्य तुमच्या पाठीशी आणि उंची पाण्याच्या जवळची ठेवा. वरून काढलेल्या फोटोत पाठ चमकते पण पक्षी हरवतो. पांढऱ्या गळ्याच्या बाबतीत छातीचा पांढरा रंग उन्हात हमखास जळतो, म्हणून एक्स्पोजर थोडे कमी ठेवा.

---

पहाटवारा

आवाजाबद्दल कुणीच लिहिले नाही. दोघे सर्वांत आधी कानांना कळतात. छोटा खंड्या दिसायच्या आधी ऐकू येतो : उडता उडता एक बारीक, टोकदार "च्चीऽऽ", कधी दोन-तीनदा. मान वळवेपर्यंत पाण्याला लगटून गेलेली निळी रेघ तेवढी दिसते. पाण्याच्या खळखळाटातही तो आवाज स्पष्ट पोचतो.

पांढऱ्या गळ्याच्याला लपून राहणे माहीतच नाही. उडताना कर्कश, खडखडीत हसल्यासारखा आवाज करत जातो. विणीच्या दिवसांत सकाळी उंच झाडाच्या शेंड्यावर किंवा तारेवर बसून लांबलचक, वरून खाली उतरत जाणारी थरथरती शीळ घालतो, तीही पुन्हा पुन्हा, पुष्कळ वेळ. त्या वेळी तो पंख उघडून पांढरे डाग आणि छाती दाखवताना दिसला तर ते प्रियाराधन समजा.

पाणकाठ म्हणतात ते आवाजातही पटते. एक ओढ्याच्या अरुंद पट्ट्यात राहणारा, दुसरा चारी दिशांना हक्क सांगणारा.

---

मातीचे घर

माझा आवडता विषय : घरटी. इथे मात्र दोघे एकमेकांच्या बरेच जवळ येतात. दोघेही मातीच्या उभ्या दरडीत बोगदा खोदतात आणि बोगद्याच्या टोकाला गोल खोली करतात. काड्या, गवत, पिसे असे आत काहीच घालत नाहीत. अंडी दोघांचीही पांढरी, गोलसर, तुकतुकीत. अंधारात राहणाऱ्या अंड्यांना रंगाची गरज नसते.

दरडीवर सुरुवात कशी करतात हे पाहण्यासारखे असते. सपाट उभ्या भिंतीवर पाय रोवायला जागाच नसते. पांढऱ्या गळ्याच्या खंड्याची जोडी समोरून उडत येऊन चोचीने दरडीवर धडक मारते. माती सुटते, पक्षी मागे फिरतो, पुन्हा येतो. असे करत करत पाय टेकण्यापुरता खळगा पडला की मग बसून खोदकाम सुरू होते. माती पायांनी मागे ढकलून बाहेर टाकतात. या कुळात पायाची पुढची दोन बोटे बऱ्याच लांबीपर्यंत एकमेकांना जोडलेली असतात, ती फावड्याच्या कामी येतात. चालायला मात्र हे पाय निरुपयोगीच.

छोट्याचा बोगदा साधारण ६० ते ९० सेंमी, आत जाताना किंचित चढता. त्यामुळे पिल्लांची घाण बाहेर वाहून येते. वापरात असलेल्या बिळाच्या तोंडाखाली पांढरट ओघळ दिसतात, ती खूण. मादी ५ ते ७ अंडी घालते, दोघेही उबवतात, १९ ते २१ दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि पुढे साडेतीन आठवडे बिळातच वाढतात. पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात. पिसे आली तरी बरेच दिवस आवरणातच राहतात, त्यामुळे ती साळिंदरासारखी दिसतात. खाली माशांच्या काट्यांचा थर साचत जातो. आईबाप भरवून बाहेर आले की थेट पाण्यात बुडी मारून अंग धुतात.

आणि भरवायचे तरी किती! सहा-सात पिल्लांसाठी दिवसाला शंभराच्या वर मासे लागू शकतात. एवढे करून पिल्ले बाहेर पडल्यावर थोड्याच दिवसांत आईबाप त्यांना आपल्या हद्दीतून हाकलतात. मग ज्याचा त्याने काठ शोधायचा. सूर मारणे नीट जमेपर्यंत भिजून, उपाशी राहून बरीच पिल्ले दगावतात. मला ही गोष्ट ऐकायला निष्ठुर वाटते, पण एका छोट्या ओढ्यावर इतक्या तोंडांना पुरतील एवढे मासे नसतात.

पांढऱ्या गळ्याच्याचा बोगदा तोंडाशी जास्त रुंद, अंडी ४ ते ७. दरड पाण्याकाठीच हवी असा हट्ट नाही. विहिरीची मातीची भिंत, रस्त्यासाठी कापलेला उतार, खणलेला खड्डा, सगळे चालते. छोटा शक्यतो पाण्यालगतची दरड बघतो.

---

ओंजळ

बापरे, शंभर मासे! एक विचारते. काल तलावावर छोटा खंड्या चोचीत मासा धरून बसला होता, पण खात नव्हता. बराच वेळ तसाच. आजारी असेल का?

---

मातीचे घर

माशाचे डोके कुठे होते, आठवतेय का? स्वतः खायचा असला की खंड्या मासा फांदीवर आपटून, उलटा-सुलटा करून डोके आपल्या घशाकडे घेतो, कारण डोक्याकडून गिळला की खवले आणि पर घशात अडकत नाहीत. दुसऱ्याला द्यायचा असला की माशाचे डोके बाहेरच्या बाजूला, म्हणजे घेणाऱ्याला गिळायला सोयीचे. डोके बाहेर असेल तर तो मासा जोडीदारासाठी किंवा पिल्लांसाठी होता. विणीच्या आधी नर मादीला असेच मासे आणून देतो.

---

ओंजळ

डोके बाहेरच होते! फोटोत नीट दिसतेय. चोच पूर्ण काळी आहे, म्हणजे नर.

---

मातीचे घर

मग तो कुणासाठी तरी थांबला होता. एक विनंती. आसपास बीळ असण्याची शक्यता आहे. पक्षी मासा घेऊन बसून राहतो आणि आत जात नाही, याचे कारण बऱ्याचदा आपणच असतो. तो मान इकडे-तिकडे करत असेल, बारीक आवाज काढत असेल, तर निमूट मागे सरका, इतके की तो आपल्याकडे बघायचा थांबेल. बिळासमोर कॅमेरा लावून बसणे तर अजिबात नको. आत पिल्ले उपाशी असतात आणि आपण बाहेर "पोज" ची वाट बघत असतो. दोन्ही जातींना हे सारखेच लागू, पण छोट्याला जास्त, कारण तो लाजरा आहे.

---

रानवाट

हे फार महत्त्वाचे लिहिलेत. +१

पाणकाठ, एका गोष्टीत मी तुमच्या बाजूला येतो. दोघांत टिकून कोण राहील असे विचारले तर मी पांढऱ्या गळ्याच्याचे नाव घेईन आणि कारण तुमचेच. त्याच्याकडे पर्याय आहेत. मासे नसले तर खेकडे, खेकडे नसले तर नाकतोडे. माणसाच्या वस्तीत, बागेत, तारांवर तो सर्रास दिसतो. छोट्याला मात्र पाणी लागते, नुसते असून भागत नाही, स्वच्छ लागते. गढूळ पाण्यात वरून मासा दिसला नाही तर त्याचे सगळे कौशल्य वाया. काठ सिमेंटने बांधून काढला की बीळ खोदायला दरड राहत नाही. युरोपात तर कडाक्याच्या हिवाळ्यात पाणी गोठले की हे पक्षी मोठ्या संख्येने मरतात.

---

पाणकाठ

बरोबर. आजघडीला जागतिक पातळीवर दोन्ही जाती 'कमी चिंतेच्या' गटात आहेत, त्यामुळे घाबरून जायचे कारण नाही. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. जगभराचा आकडा चांगला असला तरी एखाद्या ओढ्यावरचा पक्षी गेला तर तो ओढा त्याच्याविनाच राहतो. छोट्याची एक जोडी विणीच्या काळात काठाचा एक किलोमीटर किंवा त्याहूनही लांब पट्टा आपला म्हणून राखते. तेवढ्या पट्ट्यात एक जोडी. एक ओढा बिघडला की ती जागा लगेच भरून निघेलच असे नाही.

पांढऱ्या गळ्याच्याबद्दल थोडी शंका काढतो. अनेक प्रकारचे भक्ष्य चालण्याचा फायदा आहे, पण किडे, सरडे, बेडूक हे सगळे कीटकनाशकांच्या वाटेतले आहेत. त्याला पर्याय पुष्कळ असले तरी ते सगळे एकाच शेतातून येत असतील तर? आणि मातीची उभी दरड त्यालाही लागतेच. तिथे दोघांची गरज एकच आहे.

---

सुगरण_नव्हे

दोघे एकाच काठावर असले तर भांडतात का? छोटा बसलेल्या फांदीवर मोठा येऊन बसला की छोटा लगेच सटकतो, असे मी पाहते.

---

पाणकाठ

आकारात इतका फरक असल्यावर छोटा सरकणारच. पण ते फांदीपुरते असते. त्याची खरी भांडणे स्वतःच्या जातीशी. दोन नर समोरासमोर आले की ताठ होऊन, मान ताणून, चोच पुढे रोखून एकमेकांसमोर बसतात, बराच वेळ. कधी चोचीत चोच अडकवून पाण्यात ढकलण्यापर्यंत मजल जाते. मोठ्याशी असे काही होण्याचे कारण नाही, कारण तो जे शोधतो ते छोट्याच्या कामाचे नाही. एक काठाच्या आत बघतो, दुसरा काठाच्या बाहेर.

---

काठोकाठ

वाचनमात्र होतो, पण एक प्रश्न राहवत नाही म्हणून लॉग इन केले. दाट झाडीतल्या ओहोळावर एक छोटा खंड्या दिसला. निळा फार गडद, जवळजवळ जांभळट, पोटाचा नारिंगीही गडद. कान मात्र नारिंगीच. हा निळ्या कानाचा खंड्या तर नसेल? पण कान नारिंगी म्हणजे छोटाच ना?

---

दुर्बीण

इथेच बरेच जण फसतात. निळ्या कानाच्या खंड्याच्या प्रौढ पक्ष्याचे कान निळे असतात, पण त्याच्या पिल्लाचे कान नारिंगी-तांबूसच असतात, अगदी छोट्या खंड्यासारखे. म्हणजे कान निळा दिसला तर निःशंक निळ्या कानाचा. कान नारिंगी दिसला तर एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

मग जागा बघायची. छोटा खंड्या उघड्या पाण्याचा, निळ्या कानाचा सावलीतल्या जंगली ओढ्यांचा. तुमचा पक्षी दाट झाडीत होता. गडद निळा आणि गडद नारिंगी, या दोन्ही खुणा निळ्या कानाच्या बाजूने जातात. पण सावलीत निळा रंग कसा फसवतो ते वर निळाईने लिहिलेच आहे, म्हणून निळ्यापेक्षा पोटाच्या नारिंगीवर जास्त भरवसा ठेवा.

---

काठोकाठ

पोटाचा रंग गडदच होता, उन्हाचा कवडसा पडला तेव्हाही. चोचीचे टोक पांढरट वाटले.

---

दुर्बीण

पांढरट टोक म्हणजे पिल्लू असण्याची शक्यता बरीच. मग नारिंगी कान जुळतो. पक्के सांगायला बाजूने काढलेला, कान आणि मानेवरचा पांढरा ठिपका दिसेल असा फोटो हवा. असेल तर इथेच टाका, आणि जवळपास एखादा प्रौढ पक्षी दिसला होता का तेही लिहा.